जुन्या गाडीने ट्रॅकवर उतरण्याआधी

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. त्याच्या आयोजकाकडून येणारी अटींची यादी सहसा एका पानात मावते. हेल्मेट हवे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट हवी, टोइंग हुक हवा, गाडीत सुटी वस्तू नको, ब्रेक आणि टायर धड हवेत. तीस-चाळीस वर्षे जुन्या गाडीचा मालक ही यादी वाचतो, एकेका ओळीवर खूण करतो आणि निश्चिंत होतो.

यादी चुकीची नसते. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजची गाडी असते. धडक बसली की तिचा पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चेपतो, स्टिअरिंगचा दांडा दुमडतो, सीटबेल्ट आणि एअरबॅग मिळून माणसाला सावरतात. एवढे काम कारखान्यातच होऊन आलेले असल्यामुळे आयोजकाचे थोडक्यात भागते. जुन्या गाडीत ते काम एक तर झालेलेच नसते, किंवा झाले असले तरी मधल्या वर्षांत रबर कडक झालेले असते, पत्रा गंजलेला असतो, पट्टा उन्हाने विरलेला असतो. म्हणून जुन्या गाडीवाल्याची खरी यादी आयोजकाचे पान संपते तिथून सुरू होते. ती कोणत्या क्रमाने पुरी करायची, हे साधनांच्या किमतीइतकेच नीट समजून घ्यायला हवे, कारण यातली काही साधने एकटीच बसवली तर गाडी आधीपेक्षा जास्त धोकादायक होते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे क्रमांक लागत नाहीत, आणि पुढच्या गाडीने खूण करून वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचे नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. शर्यतीला नियामक संस्थेचे तपशीलवार नियम लागू होतात, तर ट्रॅक डेला बहुधा आयोजकाचा आणि ट्रॅकचा शब्द चालतो. त्यामुळे दोन ठिकाणच्या अटी सारख्या असतीलच असे नाही. आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की शर्यतींसाठी तयार झालेले मापदंड सगळ्यांना खुले आहेत. एफआयए ही मोटरशर्यतींची आंतरराष्ट्रीय संस्था, एसएफआय आणि स्नेल या अमेरिकी संस्था. साधनांवर यांची लेबले दिसतात. कायद्याने ती लागत नसली तरी काय विकत घ्यावे हे ठरवायला त्यांच्याइतका चांगला आधार दुसरा नाही.

जुन्या गाडीत नेमके काय नसते

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट निल्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वोसाठी तयार केला आणि तो १९५९ मध्ये गाड्यांत आला. धडकेची ऊर्जा शोषून चेपणाऱ्या पुढच्या-मागच्या भागाची कल्पना बेला बारेन्यी यांची. तीही १९५९ च्याच सुमारास मर्सिडीजच्या गाडीत प्रत्यक्षात उतरली. अमेरिकेत दुमडणारा स्टिअरिंग कॉलम आणि दोन स्वतंत्र सर्किटचे ब्रेक १९६८ पासून सक्तीचे झाले, पुढच्या सीटला डोक्याचा आधार १९६९ पासून. इतर देशांत या गोष्टी मागेपुढे आल्या. तुमची गाडी कोणत्या साली आणि कोणत्या बाजारपेठेसाठी बनली, यावरून यातले काय तिच्यात आहे आणि काय नाही ते कळते.

यातला स्टिअरिंगचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. कित्येक जुन्या गाड्यांमध्ये स्टिअरिंग बॉक्स अगदी पुढे, जवळजवळ बंपरपाशी असतो आणि तिथपासून चालकाच्या छातीपर्यंत एक सलग पोलादी दांडा येतो. समोरून धडक बसली की बॉक्स मागे ढकलला जातो आणि दांडा भाल्यासारखा आत शिरतो. हेल्मेट कितीही चांगले असले तरी या दांड्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. त्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षांतला दुमडणारा कॉलम बऱ्याचदा जसाच्या तसा बसतो. न बसल्यास मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरू शकणारे सांधे) टाकून दांड्याची रेषा मोडता येते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, पण करून घ्यावे.

दुसरा मुद्दा सीटच्या पाठीचा. खांद्यापर्यंतच येणाऱ्या जुन्या सीटवर मागून धक्का बसला तर मान मागे झटकते आणि तिला अडवणारे काही नसते. तिसरा पेट्रोलच्या टाकीचा. ती डिकीत असेल आणि डिकी व केबिन यांच्यात फक्त पुठ्ठा आणि रेक्झिन असेल, तर टाकी आणि तुमची पाठ यांच्यात काहीही नाही असेच समजा. तिथे पत्र्याची सलग भिंत लावून सगळ्या फटी बुजवणे हे कमी खर्चात होणारे फार मोलाचे काम आहे.

पहिला खर्च ब्रेकवर

सुरक्षेची साधने म्हटले की हेल्मेट आणि हार्नेस (दोन्ही खांदे सीटला बांधणारे शर्यतीचे पट्टे) आठवतात. माझ्या मते जुन्या गाडीतले पहिले सुरक्षा साधन म्हणजे ब्रेकचे तेल. वेग दीडपट झाला की गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि थांबताना ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. रस्त्यावर असा जोरदार ब्रेक क्वचित लागतो, ट्रॅकवर दर वळणाआधी लागतो. डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मापदंडानुसार डॉट ३ श्रेणीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवे, पण ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षे गाडीत पडून असलेले तेल घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांतच हा अनुभव ओढवून घेणे. ट्रॅक डेच्या आधी संपूर्ण तेल बदला आणि हवा काढून घ्या. काही जुन्या गाड्यांमध्ये रंगाला अपाय होऊ नये म्हणून सिलिकॉनचे डॉट ५ घातलेले असते. ते इतर तेलांत मिसळत नाही, तेव्हा आत काय आहे याची खात्री करूनच हात घाला.

ब्रेकचे रबरी होजपाइप बाहेरून धड दिसतात आणि आतून सुजतात. माझ्या गाडीचे एक चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहायचे आणि मी कितीतरी दिवस कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला, दोष देत होतो. अखेर पाइप कापून पाहिला तर आतली वाट जेमतेम सुईएवढी उरली होती. तेव्हापासून पाइपाचे वय माहीत नसेल तर तो बदलायचाच, असा माझा नियम आहे. एकाच सर्किटचे ब्रेक असलेल्या गाडीत असा एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलने तेलावर दाब देणारा भाग) बसवता येत असेल तर रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटल्यावर छप्पर पेलणाऱ्या पोलादी कमानीच्या, आधी तो बसवा. आणखी एक, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे आणि नक्षी कितीही खोल असली तरी तो ट्रॅकवर न्यायचा नाही. कमी धावणाऱ्या जुन्या गाड्यांचे टायर झिजून नव्हे, वयाने निकामी होतात. चाकेही तपासा. तारांच्या चाकांत सैल आरे, जुन्या मिश्रधातूच्या चाकांत नटांच्या भोकांभोवती बारीक तडे. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

हेल्मेट

पीट स्नेल नावाचे हौशी चालक १९५६ मध्ये शर्यतीतल्या अपघातात डोक्याला मार लागून गेले, कारण हेल्मेटने त्यांना वाचवले नाही. त्यांच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी १९५७ मध्ये स्नेल संस्था उभी केली. तिच्या लेबलवर ‘एसए’ असेल तर हेल्मेट गाड्यांच्या शर्यतीसाठी आहे, ‘एम’ असेल तर मोटारसायकलसाठी.

दोन्ही वरून सारखीच दिसतात, फरक चाचणीत आहे. मोटारसायकलस्वार अपघातात वाहनापासून दूर फेकला जातो. गाडीतला चालक आतच अडकलेला असतो आणि त्याचे डोके त्याच पोलादी नळीवर पुन्हा पुन्हा आपटू शकते. म्हणून एसए हेल्मेटची रोल बारवर वारंवार आघात करून परीक्षा होते आणि त्याचे अस्तर आगीलाही तोंड देते. एम प्रकारात या दोन्ही चाचण्या नसतात. काही आयोजक एम हेल्मेट चालवून घेतात. तुमच्या गाडीत रोल बार असेल किंवा कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचे जुने पाइप असतील, तर ही सवलत घेऊ नका.

एसएच्या पुढचा आकडा मापदंडाचे साल सांगतो: एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५. मापदंड साधारण पाच वर्षांनी बदलतो. अनेक आयोजक सध्याचा आणि त्याच्या आधीचा असे दोन मापदंड स्वीकारतात. स्वस्तात मिळणारे जुने एसए हेल्मेट घेताना हे आधी विचारा. वापरलेले हेल्मेट मात्र मी कधीच घेणार नाही, कारण ते एकदा आपटून आतला फोम दबला असला तरी बाहेरून कळत नाही.

पट्टा, सीट, रोल बार आणि मान: एकाच साखळीच्या चार कड्या

ट्रॅकवर जाणारा माणूस जुन्या गाडीत बहुधा पहिली सुधारणा करतो ती चार ठिकाणी अडकणाऱ्या रंगीत हार्नेसची. दिसायला छान, तुलनेने स्वस्त, आणि वळणावर शरीर सीटला घट्ट धरून ठेवतो. पण याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात.

आधी पट्ट्याचे काम पाहू. साधा सीटबेल्ट कमरेला आणि एका खांद्याला धरतो. गाडी उलटली आणि छप्पर खाली दबले तर त्यात शरीर थोडे बाजूला कलंडू शकते. हार्नेस दोन्ही खांदे सीटला बांधतो. छप्पर खाली आले तर डोके आणि मान ताठ उभी, हलायला जागा नाही. छप्पर पेलून धरणारा रोल बार नसेल तर हा पट्टा तुम्हाला त्या दाबाखाली धरून ठेवतो. म्हणून नियम सोपा आहे: रोल बार नसलेल्या गाडीत हार्नेस नको. चांगल्या अवस्थेतला तीन बिंदूंचा पट्टा त्याहून सुरक्षित.

रोल बार आला, हार्नेस आला, तरी चार पट्ट्यांचा हार्नेस पुरत नाही. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि कमरेच्या पट्ट्याला वर ओढतात. तो कमरेच्या हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरते. आतल्या अवयवांना होणारी इजा फार वाईट असते. ही घसरण रोखायला मांड्यांमधून जाणारा पाचवा, आणि त्याहून चांगले म्हणजे पाचवा-सहावा असे दोन पट्टे लागतात. त्या पट्ट्यांना जायला सीटमध्ये भोक हवे, खांद्याच्या पट्ट्यांनाही योग्य उंचीवर खाचा हव्यात. म्हणजे सीटही बदलली. मागे झुकणारी जुनी सीट तशीही हार्नेससाठी कमकुवत असते, मागून धडक बसली तर तिची पाठ कोसळते. सलग एका तुकड्याची सीट लागते. एफआयए ८८५५-१९९९ हा तिचा सर्वसाधारण मापदंड आहे.

आता पट्ट्याचा कोन. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. मान सांभाळणारे साधन वापरत असाल तर आडव्या रेषेपासून फार तर २० अंश खाली. जुन्या गाडीत ते मागच्या सीटच्या पायापाशी, जमिनीवरच्या बोल्टला अडकवायचा मोह होतो, कारण भोक तयार असते. पण पट्टा खांद्यावरून तीव्र कोनात खाली गेला की धडकेत तो छातीला मागे धरण्याबरोबर पाठीचा कणाही खाली दाबतो. शिवाय पट्टा जितका लांब तितका तो जास्त ताणला जातो. रोल बारला खांद्याच्या उंचीवर एक आडवी नळी जोडून तिथे पट्टे गुंडाळणे, हा यावरचा नेहमीचा उपाय.

आणि मग जुन्या गाडीचा जुना शत्रू, गंज. कमरेचे पट्टे जमिनीच्या पत्र्यात बोल्टने अडकतात. वर मॅट, खाली रंगाचा जाड थर, मध्ये पापुद्रे झालेला पत्रा. एफआयएच्या नियमांत पट्ट्याच्या बोल्टखाली किमान ४० चौरस सेंमी क्षेत्रफळाची आणि ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी सांगितली आहे. पण पट्टीभोवतीचा पत्राच कुजका असेल तर पट्टी बोल्टसकट उपटून येईल. स्क्रू ड्रायव्हर घ्या, मॅट उचला, पत्रा टोचून पाहा. आधी पत्रा, मग पट्टा.

रोल बारलाही हेच लागू. एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी विनाजोड, थंड ओढलेली कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंमीची, ३ मिमी जाड पट्टी आणि किमान तीन ८ मिमीचे (एम ८) बोल्ट. दिसायला चकचकीत पण पातळ नळीच्या शोभेच्या कमानीही विकायला असतात, खासकरून उघड्या गाड्यांसाठी. गाडी उलटल्यावर त्या वाकतात. तिरपा आधार नसलेली कमान ही तशीच एक फसवणूक.

उघड्या गाडीसाठी आयोजक बऱ्याचदा काठीने तपासणी करतात. एक सरळ काठी रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत ठेवतात आणि हेल्मेट घालून बसलेल्या चालकाचे डोके त्या रेषेच्या खाली असावे लागते. काही ठिकाणी ५ सेंमी मोकळी जागा मागतात. उंच माणसाला यासाठी सीटचा पाया खाली घ्यावा लागतो. हे घरीच तपासा, ट्रॅकच्या दारात कळून उपयोग नाही. आणि ध्यानात असू द्या की कित्येक जुन्या गाड्यांत पुढच्या काचेची चौकट गाडीचे वजन पेलायला बनवलेली नसते, म्हणून ही चाचणी किमान अट आहे.

हेल्मेट पोहोचू शकेल त्या प्रत्येक नळीवर कडक, ऊर्जा शोषणारे पॅडिंग हवे. एसएफआय ४५.१ हा त्याचा मापदंड. पाण्याच्या पाइपावर चढवतात तसला मऊ स्पंज इथे चालत नाही, तो एका आघातात सपाट होतो. ज्यांची गाडी रोज रस्त्यावरही धावते त्यांना मी चालकाभोवती नळ्यांच्या पूर्ण पिंजऱ्याचा सल्ला देत नाही. रस्त्यावर हेल्मेट नसते, आणि उघड्या डोक्यासाठी जवळची पोलादी नळी छोट्या धडकेतही घातक ठरू शकते. अशा गाडीला फक्त मागची कमान, तिचे तिरपे आधार आणि तीन बिंदूंचा पट्टा हा मेळ जास्त शहाणपणाचा.

शेवटची कडी मानेची. हार्नेसने धड घट्ट बांधले गेले की धडकेत फक्त डोके पुढे जाते. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तरी गुरुत्वाच्या चाळीसपट मंदनात मानेवर सुमारे २४० किलो वजनाएवढी ओढ येते. कवटीच्या तळाचे हाड तुटते ते असे. १९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार हे चालक अशाच इजेने गेल्यावर त्यांचे मित्र, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी आपले मेहुणे रॉबर्ट हबर्ड यांच्याशी चर्चा केली. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे अभियंते होते. त्यातून खांद्यावर बसणारे आणि हेल्मेटला दोरांनी जोडलेले हान्स हे साधन आले. शर्यतीच्या जगाने ते बराच काळ मनावर घेतले नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना इथल्या शर्यतीत नामवंत अमेरिकी चालक डेल अर्नहार्ट गेले, त्यानंतर त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकी शर्यत संस्थेने असे साधन सक्तीचे केले आणि २००३ पासून फॉर्म्युला वननेही. कित्येक वर्षे हे उत्तर समोर होते, याची मला आजही हळहळ वाटते.

हान्स खांद्याच्या दोन पट्ट्यांखाली दाबून बसते, म्हणजे त्याला हार्नेस लागतो. हार्नेसला रोल बार आणि सीट लागते. रोल बारला धड पत्रा लागतो. हार्नेस घ्यायचा तर हे सगळे एकदम करायचे, नाहीतर अजिबात करायचे नाही. पैसे हळूहळू जमत असतील तर साधने घरात साठवा, पण अर्धी साखळी गाडीत बसवून ट्रॅकवर जाऊ नका. तोपर्यंत मूळचा, किंवा नवा बसवलेला तीन बिंदूंचा पट्टा वापरा आणि वेग त्याच्या बेताने ठेवा. शेजारी प्रशिक्षक किंवा पाहुणा बसणार असेल तर त्याला चालकाच्याच तोडीचे संरक्षण हवे, ही अट कित्येक आयोजक घालतात आणि ती रास्त आहे.

आग

जुन्या गाडीत आग लागायला तीन गोष्टी जवळ-जवळ नांदत असतात: गळके पेट्रोल, तापलेला एक्झॉस्ट आणि जुनी वायरिंग. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचे पाइप मऊ होतात, नाहीतर तडकतात. इथेनॉल चालणारे नवे होज घ्या, आणि स्क्रूने आवळणाऱ्या धारदार क्लिपऐवजी सलग गोल क्लिप वापरा. केबिनमधून जाणारा पाइप धातूचा आणि विनाजोड असावा. विजेवर चालणारा पेट्रोल पंप असेल तर धडकेत तो आपोआप बंद करणारा इनर्शिया स्विच बसवा. नाहीतर पाइप फुटल्यावरही पंप बिचारा आपले काम करत राहतो आणि आगीत पेट्रोल ओततो.

मुख्य बॅटरी स्विच आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बंद करता यायला हवा. साध्या स्विचने फक्त बॅटरी तुटते आणि चालू इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर चालूच राहते, म्हणून अल्टरनेटर आणि इग्निशन दोन्ही सोडवणारा जास्त टोकांचा स्विच घ्या. बाहेरच्या बाजूला पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज असे चिन्ह लावतात. मदतीला धावणारा मार्शल तेच शोधत येतो.

हाताच्या अग्निशामकांत कोरडी भुकटी स्वस्त आणि ज्वाला विझवायला जलद. पण बंद केबिनमध्ये तिच्या ढगात दिसत नाही, श्वास घेता येत नाही, आणि ती काही थंड करत नसल्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल पुन्हा पेटू शकते. फेस थंडही करतो. मात्र फेसाच्या जुन्या प्रकारांतल्या पीएफएएस या सहजी न विघटणाऱ्या रसायनांवर निर्बंध वाढत आहेत, तेव्हा नवा घेताना ते पाहून घ्या. कोणताही घ्या, पण तो धातूच्या पट्ट्यांनी, बोल्टने, पट्टा लावलेल्या अवस्थेत हात पोहोचेल असा बसवा. प्लास्टिकच्या कडीतला दोन किलोचा नळकांडा धडकेत सुटला तर तो तुमच्याच डोक्यावर येतो.

शिवाय हे नीट समजून घ्या की हातातला अग्निशामक छोट्या आगीसाठी आहे, आणि पेटलेल्या गाडीतून माणूस बाहेर पडतो, आत बसून आग विझवत नाही. बाहेर पडायला जो वेळ लागतो तो कपडे आणि बसवलेली अग्निशमन यंत्रणा देतात. त्या यंत्रणेत एक टाकी, त्यातून इंजिन आणि केबिनकडे जाणाऱ्या नळ्या, आणि आतून-बाहेरून ओढून चालवायची मूठ असते. ट्रॅक डेला ती क्वचित मागतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत हार्नेस बसवला असेल तर मी ती बसवेन, कारण पट्टे सोडवायलाही क्षण लागतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात: नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात, सुती कापड तसे करत नाही. बुटांचे तळवे पातळ आणि अरुंद असावेत, जुन्या गाड्यांतली पेडल जवळजवळ असतात. सूट घेणार असाल तर एसएफआय ३.२ए/१ चा एकेरी सूट दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्यापासून सुमारे ३ सेकंद देतो, ३.२ए/५ सुमारे १०. हे आकडे लक्षात ठेवा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ॲक्सिलरेटरला दुसरी परतीची स्प्रिंग लावा. जुन्या कार्ब्युरेटरची एकुलती एक स्प्रिंग तुटली की वळण समोर आणि इंजिन पूर्ण जोरात, अशी वेळ येते. बॅटरी धातूच्या चौकटीत बोल्टने धरलेली आणि तिचे धन टोक झाकलेले असावे. इंजिनच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारे तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून ते साठवणारी टाकी, म्हणजे कॅच टँक, लावा. एफआयएच्या नियमांत तो २००० सीसीपर्यंत २ लिटरचा आणि त्यापुढे ३ लिटरचा सांगितला आहे. ग्लायकॉलचे कूलंट डांबरावर सांडले तर फार घसरडे असते, त्यामुळे काही ट्रॅक रेडिएटरमध्ये साधे पाणी आणि गंजरोधक एवढेच चालवून घेतात. काचेच्या हेडलाइटवर चिकटपट्टी आडवी-उभी लावा, म्हणजे फुटल्यावर तुकडे ट्रॅकभर होत नाहीत. टोइंग हुक गाडीच्या सांगाड्याला जोडलेला आणि लाल, पिवळा किंवा नारिंगी रंगवलेला असावा. क्रोमच्या बंपरला बांधलेला हुक बंपरच घेऊन निघून येतो.

लेबलावरच्या तारखा

साधने नुसती ठेवल्यानेही म्हातारी होतात. पट्ट्याच्या विणीला उन्हातल्या अतिनील किरणांनी बाधा पोहोचते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एसएफआय १६.१ चा हार्नेस निर्मितीपासून दोन वर्षांनी बाद धरतात. एफआयएच्या पट्ट्यावर बाद होण्याचे साल छापलेले असते. एफआयए ८८५५-१९९९ ची सीट पाच वर्षे. एसएफआय ३८.१ ची मानेची साधने दर पाच वर्षांनी पुन्हा प्रमाणित करून घ्यायची. ट्रॅक डेला या तारखा शर्यतीइतक्या काटेकोरपणे पाळत नाहीत, आणि सावलीत ठेवलेला तीन वर्षांचा पट्टा एका रात्रीत कुजत नाही हेही खरे. पण अपघात होऊन गेलेला पट्टा तारीख काहीही असली तरी फेकायचा, कारण तो एकदा ताणला गेला की पुन्हा तसा ताणत नाही. स्वस्तात मिळालेल्या वापरलेल्या पट्ट्याचा इतिहास तुम्हाला कोणी सांगणार नाही.

सगळे बसवून झाले की एक काम उरते. हेल्मेट, हातमोजे, मानेचे साधन, सगळे चढवून गाडीत बसा, पट्टे घट्ट ओढा, डोळे मिटा आणि कोणाला तरी घड्याळ लावायला सांगा. मग पट्ट्याचे कुलूप चाचपडून सोडा, दार उघडा, बाहेर या. मी पहिल्यांदा केले तेव्हा माझ्या हान्सचे टोक छपराच्या कडेला अडकले. दाराची आतली मूठही अशी होती की हातमोजा घातल्यावर ती बोटांना सापडेना. मूठ बदलली, तिला कापडी फीत बांधली, बाहेर पडताना कोणता खांदा आधी काढायचा ते ठरवले. तुम्हाला किती सेकंद लागले ते सूटच्या ३ किंवा १० सेकंदांशी ताडून पाहा. नंतर दुसऱ्या दारातून बाहेर पडून पाहा, कारण आपले दार ट्रॅकच्या भिंतीला टेकलेले असू शकते.